पाचवं कलम

कुंभार पिंपळगावच्या दूध संस्थेत पाशामियाँ बदली माणूस म्हणून आला, ते साल चौऱ्याण्णवचं. संस्थेचा जनावरांना सुई-मलमपट्टी करणारा ड्रेसर कचरू पाय मोडून घरी बसला होता. तीन महिने त्याची जागा चालवील असा दुसरा माणूस आख्ख्या जालना जिल्ह्यात नाही, हे चेरमनला पाशामियाँनेच सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

करारनामा त्याने स्वतः लिहून आणला होता. चेरमन साहेबराव वाचत वाचत पाचव्या कलमाशी अडले: जनावराला आधी काय पाजलं, कोणी हात घातला, ते मालकाने खरं सांगावं, लपवल्यास बदलीवाला जबाबदार नाही.

"म्हंजे आमचं गाव लबाड, असं लिहून द्यायचं का?"

"गाव लबाड न्हाई, चेरमनसाब. पर गावाला लाज लई."

लाजच ती. आधी घरचं औषध, मग शेजाऱ्याचं, आणि सगळ्यांनी हात टेकले की ड्रेसरला बोलावणं. विचारलं तर सगळे आभाळाकडे बघणार. दोन वर्षांपूर्वी एका गावात अशीच एक म्हैस त्याने सुई दिल्यावर गेली. तिला आधी काय पाजलं होतं ते गावभर ठाऊक होतं, फक्त त्याला नव्हतं. पाशाच्या हाताला गुण नाही, असं पंचक्रोशीत झालं आणि वर्षभर त्याला कोणी हाक मारली नाही. बदलीवाल्याला ना खुर्ची, ना शिक्का. नावावरच त्याचं पोट. नाव दुसऱ्यांदा गेलं असतं तर धंदाच संपला असता.

"एवढं कलम काढा, आत्ता सही करतो," साहेबराव म्हणाले.

"मंग राहू द्या." पाशामियाँने कागदाची घडी घातली. काम त्याला हवंच होतं, पण ते दाखवायला तो काही काल जन्मला नव्हता.

तेवढ्यात गावातली द्वारकाबाई गाय ओढत संस्थेच्या अंगणात आली. गायीची डावी कूस टम्म फुगली होती.

"पाशाभाई, जल्दी बघा. कागदाचं मागून!" साहेबराव म्हणाले.

पाशामियाँने जाड पोकळ सुई काढली, कूस वाजवून बघितली. गाय खोकली. पुन्हा खोकली. पोट फुगलेली गाय खोकते कशाला?

"मावशी, काय पाजलं हिला?"

"काहीच न्हाई, बाबा," ती म्हणाली, आणि बघितलं मात्र साहेबरावांकडे.

"पोटातली हवा मी आत्ता काढतो. पर औषध छातीत गेलं असंल तर डॉक्टर लागंल, तेबी आजच. खरं सांगा, न्हाईतर गाय हातची जाईल."

द्वारकाबाईला रडूच फुटलं. "सांगा की हो भाऊ! सकाळी न्याहारी टाकून आलात, तुम्हीच तर तेल पाजलं!"

दूध घालायला आलेली माणसं जागच्या जागी थांबली. साहेबरावांचे कान लाल झाले. पाशामियाँला मनातून गंमत वाटली, आणि लगेच चेरमनची दयाही आली. विधवा बाईच्या गायीसाठी न्याहारी टाकून धावलेला माणूस होता तो.

"किती पाजलं?"

"बाटलीभर."

"जीभ बाहेर ओढून?"

"ओढून," साहेबराव म्हणाले. "आमचा बाप बी तसंच पाजायचा."

"जीभ ओढली की जनावराला गिळता येत न्हाई, साब. तेल बराबर फुफ्फुसात उतरतं."

साहेबराव स्वतः आत गेले आणि अंबडच्या डॉक्टरला फोन लावला. तोवर पाशामियाँने कुशीत सुई घातली, हवा फुस्स करून सुटली आणि गायीने मान हलवली. डॉक्टर दुपारी आला, औषधं दिली, आणि वेळेवर कळवलंत म्हणाला.

तो गेल्यावर साहेबरावांनी कागद मागून घेतला. पाचव्या कलमात 'मालकाने' या शब्दापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'चेरमन धरून', आणि खाली सही केली.