थोरली पाती

घराण्याची वंशावळ जुळवता जुळवता चर्चच्या जुन्या नोंदवहीवर बोट ठेवून हेस्टर नॉर्टिए खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायला लागली. धर्मापायी फ्रान्स सोडून दक्षिण आफ्रिकेत केपला आलेला दानिएल हा घराण्याचा मूळपुरुष. त्याचा थोरला मुलगा पियेर पाळण्यातच गेला होता. मग रिवाजाप्रमाणे तेच नाव पुन्हा ठेवलं, ते थेट पाचव्या मुलाला. तिचा चुलतभाऊ गिडियन ज्या पियेरचा वंशज म्हणून चाळीस वर्षं थोरल्या पातीचा, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचा, तोरा मिरवत होता, तो पियेर चक्क शेंडेफळ. थोरला ठरला याकोब, म्हणजे हेस्टरचा खापरखापरपणजोबा का कोण तो.

पार्लजवळच्या मळ्यावर कुळमेळावा भरला, तेव्हा ती नाचतच पोचली. गिडियन घामाघूम होऊन निखाऱ्यांवर मेंढरं भाजत होता.

"दादा, आजपासून तू धाकटा," ती म्हणाली आणि कागद त्याच्या नाकासमोर धरला.

गिडियनने तो दोनदा वाचला. "नक्की ना?"

"शिक्क्यासकट."

त्याने एप्रन काढून तिच्या कमरेला बांधला, चिमटा तिच्या हातात दिला आणि शीळ घालत ओकच्या सावलीत जाऊन वाइन ओतून घेतली.

"हे काय?"

"मेळाव्याला जेवू घालायचं थोरल्या पातीने. आजोबांपासून चालत आलंय."

हेस्टरने मळ्याकडे नजर टाकली. गाड्या अजून येतच होत्या.

"दरवर्षी साठ माणसं असायची ना रे?"

"असायची. बाकीची तीनशे तूच शोधून काढलीस."