दुसरी बॅग

सकाळी अकराच्या सुमारास बसस्थानकाच्या शेवटच्या फलाटावर एक बेवारस निळी बॅग सापडली. कुणालाच त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ड्युटीवरच्या सुरक्षारक्षकाने ती सरळ उचलली, बाकावर उपडी केली आणि आतून रद्दीचे गठ्ठे पडल्यावर पेपरच्या स्टॉलआड उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली.

"या भाऊजी. तुमची विद्या सांडली."

रांगेतले लोक हसले. स्टॉलआडचा माणूस पुढे आला आणि गुडघ्यावर हात टेकून रद्दी गोळा करू लागला.

सगळ्या स्थानकांत त्याला बॅगवाला म्हणत. वीस वर्षं तो तिकीट खिडकीवर बसला. यंत्रं आली, खिडकी बंद झाली आणि घरी बसवण्याऐवजी मंडळाने त्याला सुरक्षा शाखेत टाकलं. तिथलं हे काम दुसरं कुणी घेत नव्हतं. कुठल्याही स्थानकावर जायचं, गर्दीत एक बॅग सोडायची, लांब उभं राहायचं आणि ती रक्षकाच्या लक्षात यायला किती वेळ लागतो ते बघायचं. वेळ जास्त लागला की रक्षकाची चौकशी होई. त्यामुळे तीन वर्षांत त्याला कुठल्याच स्थानकावर कुणी बसा म्हटलं नव्हतं. पाण्याचा ग्लास मागितला तर नळ दाखवत.

रक्षकांनीही तोड काढली होती. तो निघाला की एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकाला फोन जाई आणि बॅग जमिनीला टेकते न टेकते तोच कुणीतरी झडप घाली. नियम वेगळा होता: बॅगेला हात लावायचा नाही, माणसं लांब न्यायची, नियंत्रण कक्षाला कळवायचं. पण फलाट रिकामा केला की गाड्या खोळंबत आणि वरून शिव्या बसत. उचलली की काम झालं. बॅगवाल्यानेही त्यावर कधी शेरा मारला नव्हता. उचलली, पास.

मागच्या महिन्यात त्याने एक युक्ती केली. एका बॅगेऐवजी दोन ठेवल्या. पहिली लगेच सापडली, रक्षक मिशीत हसले आणि गाफील राहिले. दुसरी संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीखाली तशीच पडून होती. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. ज्या रक्षकाची बढती त्या दिवशी हुकली, तोच आज रद्दी उपडी करणारा. बॅगवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

त्या चाचणीच्या आदल्या रात्री जेवताना मेहुण्याने सरळ विचारलं होतं, आमचं स्थानक आहे का यादीत? बॅगवाल्याने बायकोची शपथ घेऊन नाही म्हटलं होतं. तेव्हापासून बायको ताट वाढायची आणि आत निघून जायची. महिनाभरात ती त्याच्याशी एकदाच धड बोलली, तीही दारात उभी राहून. माझ्या भावाच्या पोटावर पाय देऊन शाबासकी मिळवलीत, आता मिरवा.

शेवटचा गठ्ठा उचलताना त्याला दुसरी बॅग दिसली. पलीकडच्या बाकाखाली, खांबाला चिकटून. करड्या रंगाची, गच्च भरलेली, चेनला छोटं कुलूप. त्याने आजूबाजूला विचारलं. कुणाचीच नव्हती. एक म्हातारा म्हणाला, मी आल्यापासून इथेच आहे.

"ही कुणाची?" त्याने मेहुण्याला विचारलं.

"वा. आता आम्हालाच विचारा."

"माझी नाही ही."

"मागच्या महिन्यातही तुमची एकच होती." मेहुण्याने टोपी मागे सारली. "तोच माल परत विकू नका, भाऊजी." आणि तो त्या बाकाकडे निघाला. त्याला घाई नव्हती. स्टॉलवाल्याला डोळा मारायलाही त्याला सवड होती.

बॅगवाला लगबगीने आडवा गेला. हात लावू नकोस, लोकांना बाहेर काढ, कक्षाला कळव, असं तो एका दमात म्हणाला. मेहुण्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, म्हणजे मी सगळ्या गाड्या अडवायच्या, आतून तुमचे पेपर निघायचे, आणि गावभर माझं हसं व्हायचं.

"तुझ्या ताईची शपथ."

"ती वाढत होती आणि तुम्ही तिची शपथ घेत होतात. तेव्हाच संपली ती."

बॅगवाल्याने स्वतःच कक्षाला फोन लावला. तिकडच्या मुलीने स्थानकाचं नाव ऐकलं, पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं की काका, तिथे आज तुमचीच चाचणी नोंदवलेली आहे. चाचणी चालू असताना तुम्ही कक्षाला फोन करायचा नसतो. तो पुढे बोलत राहिला, पण तिने फोन ठेवला होता.

मग तो बॅगेसमोर हात पसरून उभा राहिला. लोकांना मागे व्हा म्हणाला. कुणी हललं नाही. गोणी घेऊन आलेली एक बाई तर त्याला ओलांडून त्याच बाकावर टेकली. रांगेतल्या एकाने मोबाईल वर धरला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "खरी असती तर हा असा चिकटून उभा राहिला असता का?"

"ऐका," मेहुणा म्हणाला. "पब्लिकला अक्कल आहे."

बॅगवाल्याचे हात खाली आले. तो जोवर तिथे उभा होता तोवर लोकांच्या लेखी बॅग त्याचीच होती. मेहुणा खाली वाकला. त्याची बोटं पट्ट्यापासून वीतभर लांब होती.

बॅगवाला पळाला.

त्याने कुणाला हाक मारली नाही, मागे पाहिलं नाही. गोणीला अडखळला, एका माणसाला खांद्याने ढकलून दिलं आणि लंगडत, तोंड उघडं टाकून फाटकाकडे धावला. जिना चढताना कठडा धरणारा हा माणूस धावू शकतो हे मेहुण्याने कधी पाहिलं नव्हतं. "भाऊजी, नाटक पुरे," तो ओरडला. फाटकाबाहेर गेलेला माणूस थांबला नाही. मेहुण्याने पट्ट्याकडे नेलेला हात हळूच मागे घेतला. मग त्याची शिट्टी वाजली आणि वाजतच राहिली.

तो सगळ्यात शेवटी बाहेर आला, गोणीवाल्या बाईला दंडाला धरून. तोवर रस्त्यावर दोरी लागली होती. बॅगवाला दोरीबाहेर दुकानाच्या पायरीवर धापा टाकत बसला होता. मेहुणा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मला तिथे ठेवून पळालात."

"थांबलो असतो तर तू उचलली असतीस."

"उचलली असती. पण तुम्ही पळालात."

युक्ती म्हणून पळालो असं बॅगवाल्याला म्हणता आलं असतं. पण पाय उचलताना डोक्यात युक्ती होती की भीती, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.

बायकोचा फोन आला. तिने आधी भावाचं विचारलं. तो बाहेर आहे, धडधाकट आहे, असं त्याने सांगितलं. मी पण बाहेर आहे, तो म्हणाला.

"तुमचं बघितलं मी. शेजारीण मोबाईल घेऊन आली होती. सगळ्यात पुढे तुम्हीच होतात."

दुपारी बॉम्बशोधक पथक आलं. जाड पोशाखातला माणूस आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. एका अधिकाऱ्याने बॅगवाल्याला बाजूला घेतलं आणि बॅग तुमची का, असं विचारलं. नाही. मग हात न लावता, न उघडता ती धोक्याची आहे हे तुम्हाला कसं कळलं? कळलं नव्हतं, तो म्हणाला. अधिकाऱ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि इथून हलू नका असं बजावलं. मेहुणा तिथेच होता, पण त्याने मान वळवली.

अंधार पडायला लागला तरी बॅगेत काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. पथकाची गाडी आतच होती. बॅगवाला दोरीशी एका पायात चप्पल घालून उभा होता. दुसरी आत फलाटावर पडली होती आणि आत जायला मनाई होती.