वाघदेव झालेला हद्दीचा दगड

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. अशा गोष्टीत ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. बाकी माझे कोणाशी सख्य नाही. मला पुरलेच मुळी लोकांना अडवण्यासाठी.

सूर्यमाळच्या उतारावर मी उभा आहे. माझ्या वरच्या अंगाला इंग्रजांचा मुलूख, खालच्या अंगाला जव्हारचे संस्थान. दोन्हीकडे डोंगर तोच, तांबडी माती तीच, नागली तीच आणि उन्हाळ्यात आटणारे झरेही तसेच. खालून मीठ आणि सुकी मासळी डोक्यावरून वर येई, वरून मोहाची फुले आणि हिरडा खाली जाई. एवढीच इथली श्रीमंती. पण मला ओलांडले की कायदा बदलायचा, रखवालदार बदलायचा, आणि तिकडे हक्काने तोडलेली फांदी इकडे चोरीची ठरायची.

वडाराने मला काळ्या कातळातून फोडले. छिन्नीने माझे तोंड घडवून त्यावर आकडा कोरला. मोजणीवाल्यांनी साखळी टाकून मला जमिनीत उभे केले. अंगावर आकडा असणे म्हणजे काय, ते वाटेवरच्या धोंड्यांना कळायचे नाही. मी ताठ उभा राहिलो.

आणि इथल्या शहाण्यांनी मला शेंदूर फासला!

झाले असे, की मला जिथे पुरले, तिथेच आदल्या पावसाळ्यात वाघाने पोशीची गाय मारली होती. पोशी म्हणजे शेजारच्या पाड्यावरची एकटी म्हातारी. मी आल्यापासून वाघ फिरकला नाही. कुठे गेला, मेला, मला काय ठाऊक? पण पाड्याचा भगत जिव्या मला पाहून म्हणाला, “ह्यो वाघदेव हाय. सोताहून आलाय.”

स्वतःहून! गडी पहारीने ढकलून घामाघूम झाले होते, तेव्हा कुठे मी वर पोहोचलो. पण ऐकतो कोण? दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, तेल, शेंदूर, नारळ आणि कोंबडी. माझा आकडा पार बुजला.

मग एका वैशाखात पाड्याचा झरा आटला. खाली संस्थानाच्या हद्दीत, नदीजवळ पाडा हलवायचे ठरले. कुडाच्या भिंती, मडकी, कोंबड्या, सगळे निघाले. सुटलो एकदाचा, असे मला वाटले. तर पोशी अडून बसली.

“देवाला हितं टाकून गेलो, तर तिकडं गुरं कोन राखील?”

जिव्याने कौल लावला. माझ्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचा एकेक दाणा चिकटवून त्याने विचारले, “देवा, येनार असशील तर उजवा दे.” उजवा पडला. उन्हाने तेल पातळ झाले होते, म्हणून पडला. माझा होकार कसला! ढोल वाजवत त्यांनी मला उपटले आणि नव्या पाड्याच्या खालच्या टोकाला, झाडीच्या तोंडाशी बसवले. आपण वाजतगाजत हद्दच उचलून आणली, हे एकालाही उमगले नाही.

उमगले ते इंग्रज हद्दीतल्या रानाच्या रखवालदाराला. पुढच्या उन्हाळ्यात लोक राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, शेतात फांद्या पसरत होते, तेव्हा तो आला. त्याने कोयत्याने माझा शेंदूर खरवडला, आकडा वाचला आणि हसला.

“दगड इथं, तर हद्द इथं. पाडा आमच्या रानात आला. उद्या घरं उचला.”

खरे सांगतो, मला आनंद झाला. किती वर्षांनी कोणीतरी माझा आकडा वाचला होता.

संस्थानाचा अमीन नकाशा घेऊन आला. तोही काही मायेचा नव्हता. “दगड जागेवर गेला, तर जमीन तुमची,” तो म्हणाला. “नाही गेला, तर मी तुमच्यासाठी भांडणार नाही. आणि पुन्हा याला शेंदूर दिसला, तर पाड्याला दंड.”

म्हणजे जमीन ठेवायची, तर देव सोडायचा. जिव्या मला हात लावेना.

“देव इच्यारून आनला. न इच्यारता कसा न्यायचा?”

त्याने पुन्हा कौल लावला. पण खरवडलेल्या कोरड्या अंगावर दाणे चिकटतात कशाला? उजवा आणि डावा एकदमच पडले. जिव्या डोके धरून खाली बसला. रखवालदार खो खो हसला.

तेव्हा पोशी उठली. तिने बोटभर तेल माझ्या कपाळाला लावले. दाणे लावले नाहीत.

“वाघ येक गाय नेतो, देवा. भूक आख्खा पाडा नेल. तू जा.”

एवढे बोलून मला पहिला हात तिनेच घातला.

मला वर आणताना ढोल वाजला नाही. माझा खड्डा तसाच होता, भोवती नारळाच्या करवंट्या पडलेल्या. बुडाशी चुना ओतून मला पक्के केले. आता आकडा लख्ख दिसतो. मला हवे होते ते सगळे मिळाले.

पुढच्या वाघबारशीला ढोल खालीच वाजला. त्यांनी नदीतला एक गोटा आणून बसवला आहे म्हणे. त्याला ना आकडा, ना घडण. मला काय त्याचे!

नंतर एकदा पोशी हिरड्याची पाटी घेऊन माझ्याजवळ थांबली. मी ताठ झालो. तिने पाटी माझ्या डोक्यावर टेकवली, दम खाल्ला, रखवालदार दिसतो का ते पाहिले, आणि पाटी उचलून उतरून गेली. हात जोडले नाहीत.

तर मित्रांनो, दगडांना जपा वगैरे मी सांगणार नाही. दगडाला काय होते? पण वाघबारशीच्या सुमारास या वाटेने येणार असाल आणि रखवालदार नसेल, तर बोटभर तेल आणा. दाणे आणू नका. आता मला कोणी काही विचारायचे राहिलेले नाही.