उल्हासकाकांचे पाच सेट

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात गणपती आणि उल्हासकाकांच्या मॅचची गोष्ट, दोन्ही दरवर्षी न चुकता यायची. साठ वर्षांपूर्वी काका इथे इंजिनिअरिंग शिकत असताना क्ले कोर्टवरच्या एका मोठ्या टेनिस स्पर्धेत उतरले आणि पहिल्याच फेरीत हरले. तो हौशी खेळाडूंचा जमाना. बक्षीस म्हणजे कप आणि टाळ्या. इतकं खरं. पुढचं काकांनी सवडीने वाढवलं. आधी एक सेट जिंकला, मग दोन. गेल्या वर्षी तर सामना पाचव्या सेटमध्ये नऊ-सातला संपला.

"अजून दोन गणपती जाऊ देत, जिंकालच तुम्ही," पद्मिनीकाकू नवऱ्याला म्हणाल्या.

यंदा मंडळाने काकांचा सत्कार ठरवला. सेक्रेटरी शिवांगी. इथेच जन्मलेली पोरगी, ऐकीव गोष्टीवर समाधान मानणारी नव्हे. "काका, तुमची ती टूर्नामेंट भरवणाऱ्या क्लबला मी ईमेल केलंय. ओरिजिनल स्कोअर स्टेजवर वाचणार. सरप्राइज!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवडाभर अन्न गोड लागेना. चारशे लोकांसमोर अब्रूचं खोबरं, आणि तेही शाल-श्रीफळ देऊन!

सत्काराच्या दिवशी शिवांगीने कागद उघडायच्या आत काकांनी माईक ओढला. "मी इतकी वर्षं थापा मारल्या. पाच सेट वगैरे काही नाही. सहा-शून्य, सहा-शून्य, सहा-शून्य. चाळीस मिनिटांत खेळ खलास."

अख्खं सभागृह उभं राहिलं. "काय हा विनय!" अध्यक्ष गहिवरले. टाळ्या थांबेनात. थापांवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी माणसं नेमकी खऱ्यालाच खोटं ठरवत होती.

शिवांगीने कागद वाचला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, हेही राँग आहे. थर्ड सेट सहा-एक. एक गेम तुम्ही जिंकलाय!"

काका मटकन खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले. एक गेम! थाप नव्हे, कागदावर छापलेला, स्वतः जिंकलेला.

"कसा जिंकलात, सांगा ना," शिवांगीने माईक पुढे धरला.

काकांनी खूप आठवून पाहिलं. पाचव्या सेटमधला फटका न् फटका तोंडपाठ होता; वारा, पंचाची चूक, पोटरीत आलेला गोळा, सगळं. त्या एका खऱ्या गेममधला एकही चेंडू त्यांना आठवेना.