हवालदारांचा गुडघा

“शेगडी खाली ठेवा, काका.”

“मॅडम, आमी फौजेत उभी हयात...”

“म्हणूनच सांगतेय. ऑर्डर म्हणजे काय, ते तुम्हाला समजवायला नको.”

वनरक्षक अंकिता वयानं, शेगडी धरून उभ्या लालासाहेबांच्या धाकट्या लेकीएवढी असेल. पण खाकी कपड्यांत कमरेवर हात ठेवून ती धक्क्यावर उभी राहिली, आणि कवठे महांकाळकडच्या सगळ्या निवृत्त फौजींच्या माना आपोआप ताठ झाल्या. बेटावर जाळ करायचा नाही. प्लास्टिक टाकायचं नाही. पायवाट सोडायची नाही. काड्यापेट्या आणि तंबाखूच्या पुड्या एकेकानं गुमान काढून दिल्या. त्यांच्यातला जोतिबा तर “येस मॅडम” म्हणून गेला, आणि मग इकडंतिकडं बघत बसला.

मेढ्याच्या पलीकडं धरणाच्या पाण्यात एका डोंगराचा शेंडा तेवढा वर राहिला आहे. करवंदटेक म्हणतात त्याला. वनखात्यानं तो झाडाझुडपांसाठी आणि भेकरांसाठी राखून ठेवलाय. फौजी मंडळींची सहल दरवर्षी निघायची, यंदा पहिल्यांदा बायका बरोबर होत्या आणि सगळा बेत हवालदार लालासाहेबांचा होता. बेटावर तांबडा रस्सा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. आता मटणाचा डबा होडीवाल्याच्या घरी गेला. संध्याकाळपर्यंत त्याची बायको शिजवून ठेवणार होती. मंडळींच्या वाट्याला तूर्त चटणी-भाकरी.

होडीत बसताना लालासाहेबांच्या शालूबाईंनी नऊवारीवर तरंगायचं केशरी जाकीट चढवलं, तशी जोतिबाची धोंडुबाई पोट धरून हसली.

“शालाक्का, गाभण म्हशीवानी दिसतीस की गं!”

“आन् तू? बेंदराचा बैल!”

होडी सुटली आणि लालासाहेबांचे डोंगरही सुटले. बर्फात बुडालेली चौकी, दोरीवरून ओलांडलेली दरी, पाठीवर मणभर ओझं घेऊन पळत चढलेली ती धार. शालूबाईंना सगळं पाठ होतं. गावाकडं टेकड्या होत्या, पण त्या शेळ्यांच्या. डोंगर म्हणून जो काही होता, तो त्यांनी नवऱ्याच्या तोंडूनच ऐकला होता, दर सुट्टीला, भाकऱ्या थापता थापता. “एकदा तुला न्हितो,” असं प्रत्येक गोष्टीच्या शेवटी असायचं. नोकरी संपली, लेकीबाळींची लग्नं झाली, न्यायचं राहिलं ते राहिलंच. या सहलीतनं शालूबाईंना एवढंच हवं होतं. नवऱ्याबरोबर एका डोंगराच्या माथ्यावर जायचं.

आणि एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, जी लालासाहेबांनी कुणाला सांगितली नव्हती. दिवाळीपासून ते खाटेवरून उठताना आधी खोकत होते. घशाला काही झालं नव्हतं. गुडघा कुरकुरायचा, त्याच्यावर ते झाकण होतं.

बेटावर वाट कसली, नुसती दगडांची उतरंड. दोन्ही बाजूंना कारवी, मधे पायाखाली सरकणारे गोटे. लालासाहेब सगळ्यांत पुढं निघाले. थोडं चढून त्यांनी बुटाची लेस बांधली. आणखी थोडं चढून दुसऱ्या बुटाची बांधली. मग पुन्हा पहिल्याची.

“लाल्या, फौजंत बूट बांधाय शिकवलं न्हाई व्हय रं तुला?” जोतिबा मागून ओरडला.

सगळे हसले. लालासाहेबही हसले, पण त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि हात झाडाच्या बुंध्यावरून सुटत नव्हता. जोतिबाची नजर हळूहळू त्यांच्या पायाकडं उतरायला लागली.

शालूबाईंनी मटकन बसकण मारली.

“आगं बया बया! माझ्यानं न्हाई बा चढवत!”

“आगं, वैरणीचं भारं घिऊन बांध चढतीस की रोज!” धोंडुबाई म्हणाली.

“त्यो बांध व्हता. ह्यो डोंगर हाय.”

लालासाहेबांनी सुस्कारा सोडला, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. “जावा तुमी फुडं. बायकामानसांचं आसंच. मला आता हिच्यासंगं थांबाय लागंल.”

मंडळी हसत-खिदळत वर गेली. त्यांचे आवाज कारवीत बुडाले. कुठंतरी शेकरू कटकट करत होतं.

“लेस बांधून झाली आसंल तर बसा आता,” शालूबाई म्हणाल्या.

लालासाहेब खोकले आणि बसले.

“खोकताय कशापायी? हितं कोन न्हाई.”

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. “कवापास्नं म्हाईत हाय?”

“तुमी खोकाय लागला तवापास्नं.”

“डोंगरावर पळत हुतो मी, शाले.”

“म्हाईत हाय.”

“मनभर वजन घिऊन.”

“त्येबी म्हाईत हाय. च्या घ्या.” त्यांनी थर्मास उघडला.

चहा घेताना लालासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. ती दमलेली नव्हती. श्वास संथ होता, कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. ती मान वर करून माथ्याकडं बघत होती, तिथं गवत वाऱ्यानं लवत होतं. लालासाहेबांचा चहा संपला तरी ती तिकडंच बघत होती.

“जा की वर.”

“मी दमलीया न्हवं? समद्यांनी बगितलंय.”

“बगू दे.”

“आवं, मी तकडं दिसले तर हितं कोन बसलंय आन् कशापायी, त्ये काय कळल्याबिगर ऱ्हाईल?”

लालासाहेबांनी रिकामा कप झटकला. पुसला. थर्मासवर नीट बसवला.

“कळू दे. जा. आन् घाई करू नगंस, नीट बगून यी.”

शालूबाई उठल्या. मग त्यांनी ओचा खोचला आणि निघाल्या, मळ्यात पाणी आलंय अशी हाक ऐकून निघावं तशा. अर्ध्या वाटेवर त्यांनी धोंडुबाईला गाठलं.

“आगं, तुला दम लागलावता न्हवं?”

“गेला!” म्हणत त्या पुढं गेल्या. जोतिबानं त्यांना जाताना बघितलं, मग खाली बघितलं. तोंड उघडलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं.

माथ्यावर वारा होता. चहूबाजूंनी पाणी, पाण्यापलीकडं डोंगर, डोंगरामागं आणखी निळे डोंगर, शेवटचा कुठला आणि आभाळ कुठलं ते समजेना. बर्फ नव्हता, दरीवर दोर नव्हता. तरी नवऱ्यानं सांगितलेलं बरंचसं खरं निघालं. शालूबाईंनी खाली पाहिलं. दगडावर लालासाहेब बसले होते, पाठ ताठ, पलटणीच्या फोटोत बसल्यासारखे. ते शेजारी हवे होते, असं शालूबाईंना वाटलं. मग असंही वाटलं, की ते इथं असते तर आपल्याला काय दिसतंय, हेही त्यांनीच सांगितलं असतं. त्या एकट्याच हसल्या. मग पाय पसरून बसल्या आणि बघत राहिल्या.

उतरताना सगळी मंडळी दगडापाशी येऊन थबकली. कुणी पाण्याकडं बघे, कुणी चपलेतला खडा काढे.

“चल रं लाल्या,” जोतिबा म्हणाला. “होडी सुटंल.”

लालासाहेब उठले. गुडघा कट्कन वाजला, चांगला चारचौघांत.

“आयकलंसा?” ते म्हणाले. “गुडघा गेलाय माजा. ही न्हवती दमली.”

मग धोंडुबाई म्हणाली, “तुमचा येकच गेलाय न्हवं, भावजी? आमच्या ह्यांचे दोनी गेल्यात. लपून मलम चोळत्यात!”

“ये, गप गं!” जोतिबा ओरडला, आणि असा हशा उठला की कारवीतून दोन मोर फडफडत बाहेर पडले. होडीबरोबर आलेल्या अंकितानं खालून हाक दिली, “आवाज कमी करा, काका!” फौज तिथल्या तिथं चिडीचूप झाली.

वाट अरुंद होती. एकामागं एकच जाता येत होतं. शालूबाई पुढं झाल्या, आणि त्यांच्या खांद्यावर मागून हात आला. लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघांत हातभर अंतर होतं. शालूबाईंनी पदर सारखा केला, पण खांदा काढून घेतला नाही.

“काय दिसलं वरनं?” लालासाहेबांनी विचारलं.

त्या सांगू लागल्या. खोल उतरायचा दगड आला की बोलता बोलता थांबत, हाताचा भार पुरा खांद्यावर येऊ देत, आणि मगच पुढचं पाऊल टाकत.