कडीला टॉवेल

“पप्पा, तुम्ही दुपारी खरंच झोपता, की नुसते डोळे मिटून पडता?”

सोनीने हे विचारलं तेव्हा तिच्या पप्पांच्या हातात चहाची बशी होती. ती ओठांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. बाहेर गॅलरीत गुड्डी आणि अश्विनी भिंतीला पाठ लावून, तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्या दोघींनीच लावली होती.

पैजेचं मूळ होतं घोरण्यात. गुड्डीचं आणि सोनीचं घर शेजारी शेजारी, मधली भिंत एकच. गुड्डीचे पप्पा नाईट करून आले की असे घोरायचे की भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर झोका घ्यायचं. सोनीच्या घरातून मात्र कधी सूं नाही की सां नाही. “तुझे पप्पा झोपतच नाहीत,” गुड्डी म्हणाली, “माणूस झोपला आणि घोरला नाही, असं आमच्या खानदानात घडलेलं नाही.” त्यावर अश्विनीने काडी टाकली, “हिंमत असेल तर विचार त्यांनाच. स्टेजवर फार वाघीण होतेस ना?”

आता वाघिणीला एवढं म्हटल्यावर ती काय मागे हटते?

“झोपतो की,” पप्पा म्हणाले, “नाहीतर काय दिवसभर मच्छर मोजतो?” आणि उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

“काय विचारते वं पोरी,” आई गॅसपाशी पोळ्या डब्यात भरत होती. “सोड त्यांना, कंपनीची मसाटची बस जाईल.”

पप्पा डबा घेऊन निघाले. जिन्याशी पोचल्यावर उगाचच एकदा मागे वळून त्यांनी दाराकडे बघितलं. काही बोलायचं होतं की काय, कोण जाणे. गुड्डीने निकाल देऊन टाकला, “प्रश्न विचारला, पण उत्तर मिळालं नाही. पैज अर्धीच.”

किलवणी रोडवरच्या या चाळीत बहुतेक सगळे कंपनीवाले. कोणी धुळ्याचे, कोणी नंदुरबारचे, दोन घरं जळगावची. कोणाची नाईट चालू आहे हे इथे विचारावं लागत नाही, दाराची कडी सांगते. कडीला टॉवेल बांधला की समजायचं, आत माणूस झोपलाय. मग गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण चपला काढून हातात घेणार. समोरच्या मंजुळाबाई मिरची कांडायला खलबत्ता उचलून जिन्याखाली जाणार, तेही त्यांचे गुडघे दुखत असताना. दूधवाला हाक न मारता बोटाच्या नखाने दारावर टकटक करणार. सोनीची आई तर त्या आठवड्यात कुकरच काढायची नाही. डाळ पातेल्यात शिजायची, तासभर.

अशा घरात सोनी लहानाची मोठी झाली, म्हणजे कुजबुजतच मोठी झाली. आठवीपर्यंत वर्गात तिचा आवाज कोणाला माहीत नव्हता. हजेरी देतानाही तिचे ओठ हलायचे आणि मॅडम दोनदा नाव घ्यायच्या. मग नववीला शैलजा मॅडम आल्या, मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी तिला एक दिवस रिकाम्या हॉलमध्ये स्टेजवर उभं केलं, स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “आता मला शिव्या दे. इथपर्यंत ऐकू आल्या पाहिजेत.” शिव्या काही सोनीने दिल्या नाहीत. तिने सतराचा पाढा म्हटला. पण असा खणखणीत म्हटला की बाहेर झाडू मारणारा शिपाई आत डोकावला. त्या दिवसापासून सोनीचं तोंड जे उघडलं, ते मिटायचं नाव नाही. खानवेलच्या शाळेत बक्षीस, रांध्याला बक्षीस, आणि आता पुढच्या आठवड्यात सगळ्या शाळांची मोठी स्पर्धा. विषय, ‘माझ्या मते श्रीमंती’.

सोनीने भाषण लिहून काढलं होतं. तिच्या मते श्रीमंती म्हणजे स्वतःची खोली. दार लावायचं आणि मनात येईल तेवढ्या मोठ्याने बोलायचं. कोणी ओठांवर बोट ठेवून बघणार नाही. अश्विनीला तशी खोली आहे, सरकारी क्वार्टरमध्ये. तिथे गेलं की सोनी आधी पाच मिनिटं नुसती गाणी म्हणून घ्यायची.

आणि खरं तर तशी खोली तिलाही मिळणारच होती. नरोली रोडला नव्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर फ्लॅट बघून ठेवला होता. आईने ओटा हात फिरवून बघितला, सोनीने टेबल कोणत्या खिडकीला लावायचं ते ठरवलं. एकच गोष्ट राहिली होती. पप्पांनी कायमची नाईट घेतली तर हप्त्यांचं जमत होतं. एरवी आठवड्याआड नाईट असायची, आता बारा महिने. सोमवारी सुपरवायझरला होकार कळवायचा होता.

फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाने त्या दिवशी ऐटीत खिडकीची काच सरकवली आणि खालच्या रस्त्याचा आवाज कापल्यासारखा बंद झाला. “बघा काका, एवढी शांतता. नाईटवाल्यांसाठी तर एक नंबर.” तेव्हा पप्पांनी रुमाल काढून कपाळ पुसलं होतं. सोनीला वाटलं, सहा मजले चढल्याचा घाम. लिफ्ट सुरू व्हायची होती अजून.

शनिवारी शाळा अर्धी सुटली. सोनी आणि गुड्डी जिन्यातच चपला काढून वर आल्या. कडीला निळा टॉवेल होता. सोनी दार लोटून आत सरकली. आई कोपऱ्यात बसून मेथी निवडत होती, तीसुद्धा देठ मोडल्याचा आवाज नको म्हणून हळूहळू. पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सोनीने पैज आठवून नीट बघितलं. पाठ हलत नव्हती, पण पायाचा अंगठा हलत होता. मधूनच थांबायचा, पुन्हा हलायचा.

ती भाषणाचे कागद घेऊन बसली आणि नुसते ओठ हलवत म्हणू लागली. बाहेर खलबत्ता नाही, रेडिओ नाही, पोरांचा गलका नाही. सगळी चाळ श्वास धरून बसल्यासारखी. अंगठा हलत होता.

आणि एकदम शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बोअर खणायची गाडी सुरू झाली.

आवाज असा की पातेल्यातलं पाणी थरथरलं. आईच्या हातातली मेथी खाली पडली. सोनी खिडकी लावायला धावली, पण खिडकीची काच स्वतःच थडथडत होती. गुड्डी दारात येऊन काहीतरी ओरडत होती, तिचं फक्त तोंड दिसत होतं. आईने कपाळाला हात लावला. झालं, आजची झोप गेली माणसाची.

सोनीने पप्पांकडे बघितलं. अंगठा थांबला होता. खांदा सैल पडला, तोंड जरा उघडलं. आणि त्या सगळ्या धडधडाटातून, आधी बारीक, मग चांगला जाडजूड, एक सूर निघाला.

पप्पा घोरत होते.

गुड्डी आत आली आणि वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेऊन तिने खात्री करून घेतली. मग तिने सोनीकडे असं बघितलं, जणू आता या घराचा काही भरवसा नाही. आई तर हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बसून राहिली. सोळा वर्षं नाईटच्या आठवड्यात हिने या माणसासाठी कुकर लावला नव्हता.

तेवढ्यात खाली मंजुळाबाई पोचल्या. हातात बत्ता तसाच. वरून सगळी गॅलरी बघत होती. “ए भैया, बंद करो वो,” त्यांनी बत्ता रोखून ड्रायव्हरला सांगितलं, “ऊपर नाईट का आदमी सोया है. शरम नाही का?” बत्त्याकडे बघून ड्रायव्हरने मशीन बंद केलं.

शांतता पसरली आणि पप्पा ताडकन उठून उभे राहिले.

“कोणती लाईन बंद पडली?” ते म्हणाले. डोळे धड उघडले नव्हते. हात पुढे करून समोरच्या कपाटावर ते काहीतरी चाचपत होते, बटन शोधल्यासारखे. मग त्यांना कपाट दिसलं, आई दिसली, दोन पोरी दिसल्या. ते हळूच खाली बसले.

सोनी त्यांच्याजवळ जाऊन बसली. या वेळी पैज नव्हती. “पप्पा, तुम्हाला शांततेत झोपच येत नाही ना?”

पप्पांनी तोंडावरून हात फिरवला. “अगं, आमच्या डिपार्टमेंटला मशीनचा आवाज चालू असला म्हणजे सगळं ठीक. धागा चालतोय, माणूस निवांत. आवाज बंद पडला की समज काहीतरी तुटलं, पळा. एवढी वर्षं तेच केलं. आता इथे सगळे गप्प झाले की आतून कोणीतरी म्हणतं, ऊठ, बंद पडलं.”

“मग सांगायचं ना,” आई म्हणाली. “मी आपली फोडणीसुद्धा झाकण धरून देते.”

“काय सांगू? तू डाळ तासभर ढवळत बसतेस. मंजुळाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरतात, कोण मी त्यांचा? पोरं चपला हातात घेऊन जातात, मला दाराखालच्या फटीतून दिसतात त्यांचे पाय. आमच्या मालकाच्या बंगल्यावर असेल वॉचमन, असतील जाड काचा. पण त्याच्यासाठी कोणी अनवाणी चालत असेल का? मी पडल्या पडल्या ते बघायचो. झोप नाही यायची, पण बरं वाटायचं. म्हटलं, एवढ्या लोकांनी प्रेमाने दिलेली गोष्ट, ती नको कशी म्हणायची?”

खाली मंजुळाबाईंचा आवाज येत होता, ड्रायव्हरला चहा हवा का विचारत होत्या. गुड्डी दारातून हळूच निघून गेली. जाताना सवयीने तिने चपला हातात घेतल्या.

सोनीला सहाव्या मजल्यावरची ती काच आठवली आणि पप्पांचा रुमाल. तिथे चोवीस तास तीच शांतता. बारा महिने नाईट आणि बारा महिने तो अंगठा हलत राहणार, आणि खाली फटीतून बघायला कोणाचे पायसुद्धा नाहीत. तिला तिचं टेबलही आठवलं, खिडकीपाशी लावलेलं. खिडकी पूर्वेची होती. तिने ती जरा वेळ मनात धरली.

“सोमवारी मी सुपरवायझरना होकार सांगतो,” पप्पा म्हणाले, बहुतेक विषय बदलायला. “तुला तुझी खोली झाली की मोठ्याने वाच, दार लावून वाच, तुझ्या मनाला येईल तसं वाच.”

सोनी उठली. दाराशी जाऊन तिने कडीचा टॉवेल सोडला, घडी घालून आईच्या मांडीवर ठेवला आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. स्टेजवर उभी राहते तशीच, पाय जरा फाकवून.

“आई, पप्पा, ऐका. मी ठरवलंय,” ती म्हणाली. आवाज गॅलरीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. “मला खोली नको. सोमवारी तुम्ही सुपरवायझरना ‘नाही’ म्हणून सांगायचं, शिफ्ट आहे तशीच राहू दे. मंजुळामावशींना मी आत्ताच सांगून येते, मिरची वर कांडा म्हणून. आई, तू आज कुकर लाव. आणि माझं भाषण मला पहिल्यापासून लिहायचंय, ते मी रोज दुपारी इथेच, तुमच्या उशाशी बसून म्हणणार आहे, पप्पा. मोठ्याने. तुम्ही फक्त घोरायचं.”