सात नंबरचे पान

मित्रांनो, मला पाहून कुणाचा चेहरा कधी उजळला नाही. मी एक जुनी लाल वही आहे. माझ्यात कविता नाहीत, गणिते नाहीत, चित्रे तर नाहीतच. कोण कोणत्या खोलीत राहतो, कधीपासून राहतो आणि कधीपर्यंत राहू शकतो, एवढेच माझ्यात लिहिलेले आहे. हे ज्याच्याबद्दल लिहिलेले असते, तो त्या वहीवर प्रेम करीत नाही.

माझा जन्म एकोणीसशे एकसष्ट सालचा. मलकापुरात स्टेशनाच्या रस्त्यावर वह्या बांधणारे एक दुकान होते. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने माझी पाने जाड दोऱ्याने शिवली, पाठीवर खारव्याचे जाड लाल कापड चढवले. कीड लागू नये म्हणून त्याने खळीत मोरचूद घातले. त्यामुळे मी आजवर टिकले, पण माझा वास कायमचा कडवट झाला.

तिथून मला विकत घेऊन बुलढाण्याला आणले ते भगवंतरावांनी. ते स्वतः घरमालक नव्हते. मालक अकोल्यास राहत. बसस्थानकाच्या मागे त्या मालकांची चौदा खोल्यांची पत्र्याची चाळ होती. तिथे किरायेदार ठेवणे, दरसाल त्यांची चिठ्ठी नवी करणे आणि नको त्याला बाहेर काढणे, हे सगळे मालकांच्या वतीने भगवंतराव बघत. खोली नंबर एक हीच त्यांची कचेरी. तिच्या ओट्यावर एक उतरते मेज होते आणि त्या मेजावर मी असे.

प्रत्येक खोलीसाठी माझ्यात पाने राखलेली होती. दरवर्षी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दुसऱ्या दिवशी सगळे किरायेदार ओट्यासमोर रांग लावत. 'आणखी एक वर्ष राहू देतो' अशी ओळ माझ्यात लिहिली जाई. तिच्याखाली किरायेदाराची सही किंवा अंगठा, आणि शेवटी भगवंतरावांची सही. ती सही झाली नाही, तर चिठ्ठी नवी झाली नाही असे समजायचे. भगवंतराव मुद्दाम वेळ लावत. टाक दौतीत बुडवून हवेत धरत आणि माणसाच्या तोंडाकडे बघत राहत. मोठमोठी माणसे त्या वेळी लहान होत. त्यांचा सगळा राग मग माझ्यावर निघे. कुणी माझ्या पुठ्ठ्यावर मूठ आपटे, कुणी जाताना मला ऐकू येईल असे थुंके.

मला माणसासारखे वागवले ते फक्त दयारामांनी. ते भगवंतरावांचे लेखनिक होते; चाळ त्यांना मास्तर म्हणे. त्यांचे अक्षर इतके नेटके होते की माझ्या पानांना स्वतःचा अभिमान वाटे. ओळ लिहून झाली की ते टीपकागद ठेवून तळव्याने हलके दाबत. ज्याला वाचता येत नाही त्याला आधी सगळी ओळ मोठ्याने वाचून दाखवत, आणि मगच अंगठा घेत. ते स्वतः याच चाळीत, तीन नंबरच्या खोलीत राहत. बायको अन्नपूर्णा आणि दोन मुली. माझ्यात त्यांचेही पान होते, आणि त्यांनाही अखाजीनंतर भगवंतरावांच्या सहीची वाट पाहावी लागे.

सात नंबरची खोली रस्त्याच्या कडेला होती. तिथे कडूबा आणि त्यांची बायको झुंबरबाई राहत. झुंबरबाई कोर्टाच्या कामासाठी गावोगावहून येणाऱ्या लोकांना भाकरी-पिठले वाढत. आवाज खणखणीत, जीभ तिखट. चाळीत त्यांचे कुणाशी पटत नसे. भगवंतरावांशी तर मुळीच नाही. पत्रा गळतो म्हणून त्या ओट्यावर येऊन भांडत. "तुम्ही आमच्या नावाची वही ठेवता, तं मंग पत्र्याची वही कोन ठेवते?" असे विचारत. त्यांना मीही आवडत नसे. मला त्या 'लाल हडळ' म्हणत.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात कडूबा छातीच्या दुखण्याने गेले. पान त्यांच्या नावाचे होते. त्याच सुमारास बसस्थानकावरची वर्दळ वाढली, आणि सायकलींचे दुकान काढू पाहणाऱ्या एका माणसाला रस्त्याकडेची नेमकी तीच खोली हवी होती. भगवंतरावांनी त्याला शब्द देऊन टाकला.

पण तेव्हा विदर्भात किरायेदाराला मनात आले म्हणून काढता येत नसे. आधी सरकारच्या भाडेनियंत्रकाची परवानगी लागे. कारण दाखवावे लागे. भगवंतरावांकडे कारण नव्हते. त्यांनी ते माझ्या अंगावर तयार करायचे ठरवले.

पुढच्या अखाजीला रांगेत झुंबरबाईंचा नंबर आला. हाताला पीठ तसेच होते.

भगवंतराव कधी नव्हे ते गोड बोलले. "कडूबा तं गेला. आता खोली तुह्या नावावर करून टाकू. नवं पान घेऊ. दे अंगठा."

"वाचून दाखवा पह्यले," झुंबरबाई म्हणाल्या.

"काय वाचू? पान कोरं हाये. मागं एवढी रांग हाये, दिसून नाई राह्यली का तुले? सगळ्याचं झालं की दयाराम लिहीन सावकाश."

झुंबरबाईंनी दयारामांकडे पाहिले. दयाराम टाकाचे टोक पुसू लागले. रांगेतले लोक ओरडू लागले. झुंबरबाईंनी पदराला हात पुसला आणि माझ्या कोऱ्या पानावर खाली अंगठा उमटवला. मित्रांनो, त्या अंगठ्याचा भार मला अजून आठवतो. त्यांनी तो भांडल्यासारखा जोरात दाबला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर दोघेच होते. भगवंतरावांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. "लिहा. मी, झुंबरबाई कडूबा, खोली नंबर सात येत्या दिवाळीपर्यंत राजीखुशीने खाली करून देते."

दयारामांचा टाक थांबला. "भाऊसाहेब, हे तं त्या बाईनं म्हटलंच नाई."

"म्हटलं नाई, पन अंगठा तं देल्ला ना?"

"माह्यानं नाई होत हे."

भगवंतरावांनी मला ओढून घेतले आणि तीन नंबरचे पान उघडले. त्यावर त्या वर्षीची ओळ लिहिलेली होती. खाली दयारामांची सही होती. भगवंतरावांची नव्हती.

"इथं काऊन सही नाई केली मी, सांगा बरं?" त्यांनी विचारले. "दोन पोरी हायेत तुम्हाले. कुठं नेसान त्याह्यले?"

दयारामांनी लिहिले. ते सुंदर अक्षर मला त्या दिवशी खिळ्यांसारखे टोचले. वरून लिहीत आले तशी खाली जागा अपुरी पडली, आणि शेवटचा 'देते' हा शब्द झुंबरबाईंच्या अंगठ्यावर चढला. जागा खरेच अपुरी पडली, की दयारामांनी ती पडू दिली, हे मला कधी कळले नाही. त्यांनी टीपकागद ठेवला, पण तळव्याने दाबला नाही. भगवंतरावांनी मात्र तीन नंबरच्या पानावर झोकदार सही ठोकली.

दिवाळीच्या आधी झुंबरबाईंच्या हातात भाडेनियंत्रकाच्या कचेरीतून कागद पडला. कुणीतरी वाचून दाखवला तेव्हा त्या झारा हातात घेऊनच ओट्यावर आल्या.

"कोनं लिवलं हे? मी कधी म्हटलं खोली सोडतो म्हून?"

"तुहा अंगठा हाये," भगवंतराव म्हणाले.

"अंगठा माह्याच हाये! पन जीभ कोनाची हाये ते सांग!"

दयाराम खाली मान घालून बसले होते. झुंबरबाईंनी त्यांच्यासमोर झारा आपटला. "तूनं लिवलं. तुह्यं अक्षर मले वाचता नाई येत, पन वळखू येते. रोज ओट्यावर पाह्यतो मी. माह्या हातची भाकर खाल्ली तूनं, मास्तर!"

सुनावणीच्या दिवशी भगवंतरावांनी मला रुमालात बांधून भाडेनियंत्रकाच्या कचेरीत नेले. साहेब चष्मा लावलेले, शांत बोलणारे गृहस्थ होते. भगवंतरावांनी वकील आणला होता. झुंबरबाई एकट्याच उभ्या होत्या. वकिलाने मला साहेबांपुढे उघडून ठेवले. "बाईने राजीखुशीने लिहून दिले आहे. खाली तिचाच अंगठा आहे," तो म्हणाला.

"खोटं हाये!" झुंबरबाई ओरडल्या. शिपायाने त्यांना दटावले. "मले काऊन गप करतं बे? त्या वहीले गप कर, ते खोटं बोलून राह्यली!"

मित्रांनो, ते ऐकून मला लाज वाटली. त्यांचे म्हणणे खरेच होते. मी खोटे बोलत होते आणि मला तोंड मिटता येत नव्हते.

साहेबांनी दयारामांना पुढे बोलावले. "हे अक्षर तुमचे?"

"हो, साहेब."

"बाईंना वाचून दाखवले होते?"

भगवंतराव दयारामांच्या अगदी मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "तीन नंबर." एवढेच. दयारामांच्या कपाळावरचा घाम माझ्या पानावर पडला.

साहेबांनी मेजाच्या खणातून भिंग काढले आणि माझ्यावर धरले. बराच वेळ ते 'देते' या शब्दाकडे बघत होते; त्याची शाई अंगठ्याच्या ठशावरून गेली होती. मग त्यांनी विचारले, "आधी मजकूर लिहिला, की आधी अंगठा घेतला?"

दयाराम भिंगाखालच्या त्या शब्दाकडे बघू लागले.

"सांग ना बे," झुंबरबाई म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज चढला नव्हता.

"अंगठा आधी," दयाराम म्हणाले. "पान कोरं होतं. वाचून दाखवलं नाही. मला सांगितलं ते मी दुसऱ्या दिवशी लिहिलं."

वकील ओरडू लागला. भगवंतराव म्हणाले, "साहेब, हा मानूस नोकरीवरून जाणार हाये म्हून सूड काढून राह्यला." साहेबांनी कुणाचेच ऐकले नाही. त्यांनी परवानगी नाकारली. माझ्या त्या पानावर तांबड्या शाईची आडवी रेघ मारली, खाली शिक्का उमटवला, आणि खोली झुंबरबाईंच्या नावे चालू राहील असे आपल्या हाताने लिहिले. खऱ्या शब्दाने अंग कसे हलके होते, ते मला तेव्हा कळले.

पण ही गोष्ट इथे गोड होत नाही. तीन नंबरची खोली दयारामांना नोकरीबरोबर मिळालेली होती. नोकरी त्याच दिवशी गेली. पंधरा दिवस त्यांचे पाणी बंद, दारात रोज शिव्या. शेवटी त्यांनी सामान बांधले. मलकापूरच्या गाडीवर ट्रंका चढवायच्या आधी ते सात नंबरच्या दारात गेले. मी ओट्यावर होते. मला सगळे ऐकू आले.

"येतो बाई," ते म्हणाले. "माफ करा."

"काऊन करू?" झुंबरबाई भाकरी थापत राहिल्या. "तूनंच लिवलं, तूनंच खोडलं. त्याच्यात माह्यावर उपकार कोनता?"

अन्नपूर्णाबाईंना ते सोसले नाही. "तुह्यापायी आमचं घर उठलं! आन् वरून अशी बोलतं?"

"माह्यापायी? तुह्या नवऱ्याच्या अक्षरापायी माह्यं उठत होतं. तवा तू आली होती का सांगाले?"

अन्नपूर्णाबाई मुलींना ओढत निघून गेल्या. दयारामांनी जाताना ओट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मान फिरवली. पुढे ते एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर नंबर घालायला लागले, एवढेच कानावर आले. इतके सुंदर अक्षर गाठींवर गेले.

त्यानंतरच्या अखाजीला चाळीतले सगळे किरायेदार एकदम ओट्यासमोर आले. रांग कुणी लावलीच नाही. सर्वांत पुढे झुंबरबाई.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"काय वाचू?"

"सगळं. पह्यल्या पानापासून. मोठ्यानं. त्याबिगर कोनी अंगठा देनार नाई."

भगवंतराव चिडले. मला आपटले. पोलिसांना बोलावीन म्हणाले. कुणी जागचे हलले नाही. ज्या शेजाऱ्यांशी झुंबरबाईंचे साधे बोलणे नव्हते, तेही त्यांच्या मागे दात-ओठ खात उभे होते. शेवटी भगवंतरावांनी मला उघडले आणि एकेक ओळ वाचली. रागारागाने, पण शब्द न् शब्द वाचला. पुढच्या प्रत्येक अखाजीला तसेच झाले. प्रेम तरीही कुणाचे कुणावर बसले नाही. झुंबरबाई आणि भगवंतराव एकमेकांचे तोंड बघत नसत. पण त्या चाळीत कोऱ्या पानावर पुन्हा अंगठा उमटला नाही.

एकोणसत्तर साली माझी पाने संपली. नवी वही आली. भगवंतराव मला बंबात घालायला निघाले, तेव्हा झुंबरबाई आडव्या आल्या.

"मले द्या ते."

"कायले? रद्दी हाये ते."

"रद्दी हाये तं मंग द्याले काय होते?"

त्यांनी मला जवळजवळ हिसकावूनच घेतले. तेव्हापासून मी सात नंबरच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत आहे. त्या मला मायेने ठेवत नाहीत. अजूनही हडळच म्हणतात. पण उंदीर आला तर त्याच्यावर लाटणे फेकतात, पेटी गळत्या पत्र्याखालून हलवतात, आणि चाळीत नवे बिऱ्हाड आले की मला बाहेर काढून ते पान दाखवतात. "वाचता येते? मंग वाच. नाई येत तं कोनाकून वाचून घे. इथं राह्याचं असन तं पह्यले हे शिक."

मित्रांनो, वहीला छान कव्हर घालता, ती पाण्यापासून जपता, हे चांगलेच आहे. पण माझे तुम्हाला एवढेच मागणे आहे की तिच्यात काय लिहिले जाते तेही जपा. लिहिणारे असाल तर दुसऱ्याच्या तोंडी नसलेला शब्द घालू नका. सही करणारे असाल तर मागची रांग कितीही ओरडो, आधी वाचा. लिहिलेल्या पानाशी भांडता येते. कोऱ्या पानाशी भांडता येत नाही.